आमच्याच वर्षी काऊन?

"भाऊ, लेस्टर जिंकलं त्याचा आनंदच आहे मले, पण आमच्याच वर्षी काऊन जिंकलं?"

जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची ही मोठी लाइन, आणि आमच्या गावचा पोट्टा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून जुने हायलाइट्स पाहत होता. अंगात आर्सेनल या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबची लाल जर्सी, बाहीवर रुई चिकटलेली.

मी पण आर्सेनलवालाच, त्यामुळे काही बोलताच आलं नाही.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा 2015-16 चा तो सीझन. लेस्टर क्लब लीग जिंकल यावर सट्ट्याचा भाव 5000 ला 1. अख्ख्या सीझनमध्ये ते फक्त 3 मॅच हरले, त्यातल्या 2 आमच्याकडून! आमच्या वेलबेकनं त्यांच्याविरुद्ध इंज्युरी टाइममध्ये हेडरनं गोल मारला तेव्हा वाटलं होतं आता लीग आपलीच, आणि शेवटी त्यांचे 81 पॉइंट, आपले 71. दुसरा नंबर. तो कोणाला आठवते?

खरं सांगतो, लेस्टरच्या वार्डीसारखा खालच्या लीगमधून वर आलेला माणूस ट्रॉफी उचलतो तेव्हा कास्तकाराच्या पोराचं मन त्याच्याकडंच जाते. तरी छातीत दुखतेच. दोन्ही खरं आहे, एकानं दुसरं कमी होत नाही.

आपल्या विदर्भानं इंदूरला दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी घेतली, आपला बॉलर गुरबानीची हॅटट्रिक, तेव्हा आपण किती नाचलो होतो. दिल्लीच्या एखाद्या पोट्ट्यालाही तेव्हा असंच वाटलं असंल का, आमच्याच वर्षी काऊन?