दोन ते चारचा पहारा

मारुतीच्या देवळात सप्ताह बसला की गाव दोनच गोष्टी विचारतं : कीर्तनाला कोण आणि काल्याला जेवायला काय. सप्ताह टिकतो तो मात्र सभामंडपाच्या खांबाला टांगलेल्या फळ्यावर. त्यावर पहाऱ्याची यादी असते. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही, म्हणजे 168 तास. दोन तासांचा पहारा धरला तर 84 पाळ्या. पाळीला एक वीणेकरी आणि निदान चार टाळकरी.

हरिपाठ-कीर्तनाच्या वेळेला नावं आपोआप येतात. बारापर्यंत तरणी पोरंही हौसेने थांबतात. चारला काकड्यासाठी म्हातारी मंडळी अंघोळ करून हजर. अडतं ते काकड्याआधीच्या दोन तासांत, 2 ते 4 ला. भोंगा दहालाच बंद झालेला, त्यामुळे आवाज उघडा. एक जण गप्प झाला तरी लगेच कळतं. बसलं की डोळा लागतो, म्हणून वीणेकरी उभाच राहतो, खांबाला न टेकता. त्यात त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची आली की यादीतली निम्मी नावं उसाला पाणी द्यायला बांधावर. जाणता माणूस यादी लिहितानाच वस्तीवार पहारे वाटतो आणि 2 ते 4 ला दोन नावं जास्तीची घालतो. शेजारी शेजाऱ्याला उठवून आणतो. नुसतं फळ्यावर नाव लिहिल्याने कोणी उठत नाही.

वीणा बदलणं बघण्यासारखं असतं. घेणारा आधी वाकतो, मग पट्टा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो, आणि देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो. सत्तरीचा माणूस विशीतल्या पोराच्या पाया पडतो, त्यात कोणाला नवल वाटत नाही. या सगळ्यात टाळ थांबत नाही, तोंडचं ‘रामकृष्णहरी’ तुटत नाही. पहाटे तार उतरते. खुंटी सरकत असेल तर खडू चोळून घट्ट करायची. पखवाजाच्या धुमेवरची, म्हणजे डाव्या तोंडावरची, कणीक वाळली की आवाज चढतो आणि पोकळ लागतो. पाण्याचा हात फिरवून थोडा वेळ निभतं. कीर्तनाला मात्र ताजीच कणीक लावावी. हा कंटाळा केला की बुवा पहिल्या अभंगालाच पखवाजाकडे बघतात.

काल्याच्या पंगतीत आमटी-भाकरी असेल तर आमच्या मते पक्वान्नाची गरज नाही. 500 माणसांना 20 किलो तूरडाळ पुरते. भाकरी घरोघरच्या : उंबऱ्याला पाच, 200 उंबरे, हजार भाकरी. कोणाची पापुद्र्यासारखी, कोणाची जाडजूड, आणि वाढपी ओळखतात कुठली कुणाच्या घरची. गरम भाकऱ्या टोपल्यात एकावर एक रचल्या की घाम धरतात, चिकटतात. आधी कापडावर मोकळ्या पसरून निवू द्याव्यात. आमटी पातळच हवी. घट्ट झाली तर चुरलेली भाकरी भिजत नाही, माणूस दुसऱ्यांदा आमटी मागतो आणि शेवटच्या पंगतीला कढईचा तळ दिसतो. गोदावरीतल्या सराला बेटाच्या मोठ्या सप्ताहात हेच जेवण लाखोंच्या हिशेबाने होतं. तिथे भाकऱ्या आसपासच्या गावांतून येतात.

दुसऱ्या दिवशी त्याच फळ्यावरची नावं पुसून जमाखर्च लिहितात. वर्गणीवर कोणी बोलत नाही. उरलेली चार किलो डाळ कुठे गेली, यावर मात्र पारावर तासभर बैठक चालते.