चंदेरी रंगाखालचा चेनकेस

बुलेट माझ्याकडे आली तेव्हा इंजिनावर सगळीकडे चंदेरी रंग फासलेला होता. क्रँककेस म्हणजे इंजिनाचं मुख्य खोकं, टायमिंग कव्हर, डावीकडच्या चेनवरचं कव्हर म्हणजे चेनकेस, काहीच सोडलं नव्हतं. काळवंडलेलं ॲल्युमिनियम घासलं की उजळतं, त्याला रंग लागतोच कशाला? म्हणून असा रंग दिसला की मला आधी शंका येते. मालकांची मागणी सरळ होती: “सगळं आरशासारखं करून द्या.”

बुलेटचं चेनकेस काढणं सोपं, मधला एकच नट. ऑइल काढून कव्हर धुतलं आणि रंग काढायचा रिमूव्हर लावला. रंग सुरकुतून वर आला, पण खालच्या कडेजवळचा एक करडा पट्टा जागचा हलेना. टोच्याने ओरखडला तर भुकटी निघाली. लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी! ती खरवडल्यावर अंगठा जाईल एवढं भोक दिसलं आणि त्याच्या टोकापासून थेट गॅस्केटच्या, म्हणजे ऑइल गळू न देणारी पट्टी बसते त्या कडेपर्यंत गेलेला तडा. जुन्या बुलेटला ब्रेकही चेनकेसच्याच बाजूला, डावीकडे. गाडी कधीतरी त्या कुशीवर आपटून पेडल आत घुसलं असावं.

मालकांना फोन लावला. दुसरं कव्हर बसवू का विचारलं, तर म्हणाले, “मूळचंच राहू द्या.”

मग आर्गन वेल्डिंग. जुनं कास्टिंग वर्षानुवर्षं तेल पिऊन बसलेलं असतं. तडा ग्राइंड करून खाच पाडली, टॉर्चने कव्हर तापवलं, तर खाचेतून तपकिरी थेंब पाझरायला लागले. पुसायचं, तापवायचं, पुन्हा पुसायचं. हे न करता वेल्ड मारलं की काळे बुडबुडे येतात आणि आत चाळणी होते. दुसरी गोम अशी की शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, त्यावरचा ऑक्साइडचा थर मात्र २००० अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. लोखंडासारखं लाल होऊन ते सावधही करत नाही. वरचं कवच शाबूत दिसत असताना खालचा धातू एकदम ओघळतो. म्हणून आधी स्टेनलेसचा ब्रश आणि मग एसी करंट, जो तो थर फोडत जातो. कव्हर जाड प्लेटवर आवळून ठेवलं होतं, नाहीतर गॅस्केटची कड वाकडी झाली असती. भोकात भंगारातल्या केसिंगचा तुकडा बसवला.

फिनिशिंगला घाई चालत नाही. ॲल्युमिनियम कानशीत भरतं, म्हणून कानशीला खडू चोळायचा. मग वॉटर पेपर, २२० पासून १००० पर्यंत, प्रत्येक पेपर आधीच्या रेघांना आडवा. जुन्या रेघा पूर्ण गेल्या की नाही, ते त्याशिवाय कळत नाही. लोखंडाला वापरलेलं बफ, म्हणजे चकाकी आणणारं कापडी चाक, मी ॲल्युमिनियमला कधीच लावत नाही. एक तर ओरखडे उठतात, आणि ॲल्युमिनियमची भुकटी पेट घेते, त्यात गंज मिसळला तर आणखी वाईट.

बफ मारल्यावर चेनकेस लखलखलं. क्रँककेस मात्र नुसतं साफ केलं, बफ लावलं नाही. कारखान्यातून ते कास्टिंगच्या दाण्यासकटच आलं होतं आणि तो दाणा एकदा घासला की परत आणता येत नाही. मालकांना हे पटायला दोन चहा लागले. आरशाचा हट्ट मला कधी कळलेलाच नाही.

कव्हर बसवून ऑइल भरलं, रात्रभर खाली कागद ठेवला. कोरा.

गाडी न्यायला आल्यावर त्यांनी कव्हरवर बोट ठेवलं. “ही रेघ?” वेल्डच्या तारेत सिलिकॉन वेगळं असतं, त्यामुळे उजेडात तिची छटा थोडी करडी दिसते, असं सांगितलं. “लॅकर मारलं तर लपेल?” लॅकर म्हणजे पारदर्शक लेप, त्याने नाही लपणार. वर दगड लागून लॅकर उडालं की खालून पांढरं पसरत जातं. त्यापेक्षा अधूनमधून पॉलिश चोळा, म्हटलं. त्यांनी उरलेल्या पॉलिशचा डबा मागून घेतला आणि किक मारली.