लिगामेंट तुटलंय, मग हाड का कापता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कुत्र्याच्या गुडघ्याचा एक्स-रे दाखवत मी टीपीएलओचं, म्हणजे नडगीचं हाड कापून त्याच्या माथ्याचा उतार कमी करण्याचं, ऑपरेशन समजावायला लागले की हा प्रश्न येतोच. तुटलंय ते लिगामेंट, म्हणजे गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारा दोरासारखा बंध, मग धडधाकट हाडाला करवत कशाला लावायची?

कुत्रा नुसता उभा असला तरी त्याचा गुडघा वाकलेलाच असतो. त्यात नडगीच्या हाडाचा माथा, ज्यावर मांडीचं हाड टेकतं, मागच्या बाजूला उतरता. बहुतेक कुत्र्यांत हा उतार २५ अंशांच्या आसपास भरतो. पाऊल टेकलं की मांडीचं हाड या उतारावरून मागे घसरू बघतं आणि नडगी पुढे सरकते. तिला धरून ठेवतं ते हे लिगामेंट, दर पावलाला. माणसाचं सहसा खेळताना एका झटक्यात तुटतं. कुत्र्याचं बहुतेक वेळा जुन्या दोरासारखं विरत जातं. म्हणून ‘कालच लंगडायला लागला’ असं तुम्ही सांगता, तेव्हा एक्स-रेत सांध्याची झीज आधीच दिसत असते. पुष्कळ कुत्र्यांचा दुसरा गुडघाही पुढे याच वाटेने जातो, त्यामुळे वजनाबाबत मी फार कडक बोलते.

विरलेल्या दोराला टाके घालून काय टिकणार? अमेरिकेतले पशुशल्यचिकित्सक बार्कले स्लोकम यांनी १९९३ साली वेगळाच विचार मांडला. लिगामेंटची गरजच उरू द्यायची नाही! नडगीच्या माथ्याशी गोलाईत काप घ्यायचा, तो तुकडा फिरवून उतार ५ अंशांच्या आसपास आणायचा आणि प्लेट-स्क्रूंनी पक्का करायचा. उतार गेला की घसरणं थांबतं. इतकी वर्षं करतेय, तरी या कल्पनेचं मला अजून नवल वाटतं. (लहान चणीच्या कुत्र्यांना गुडघ्याच्या बाहेरून घातलेल्या जाड धाग्याचा आधार पुष्कळदा पुरतो. काही मांजरी तर नुसत्या विश्रांतीवर सावरतात.)

पण कापलेलं हाड जुळायला ८ ते १२ आठवडे लागतात आणि ते जुळतं तुमच्या घरी. तिसऱ्या आठवड्यात कुत्रा पाय टेकतो, शेपूट हलवतो, पळायला बघतो. हाड तेव्हा कच्चंच असतं. माझ्याकडच्या एका लॅब्रेडॉरने याच सुमारास दारावरची घंटा ऐकली, सोफ्यावरून उडी घेतली आणि गुडघ्याखालचा हाडाचा उंचवटा मोडून घेतला. ‘डॉक्टर, मिनिटभरच पट्टा काढला होता हो,’ म्हणत त्याच्या घरच्या बाई रडत होत्या. चूक त्यांची नव्हती. ‘जरा सांभाळा’ एवढंच मी सांगितलं होतं, आणि सांभाळणं म्हणजे काय ते सांगितलं नव्हतं.

आता आधी मीच विचारते. दिवसा घरी कोण असतं? फरशी गुळगुळीत आहे का? जिना चढावा लागतो का? शू-शीला नेताना पट्टा कोण धरणार? सोफ्याची वाट कशी अडवाल? याची उत्तरं मिळाली की मग ऑपरेशनची तारीख देते.