शाळेचा शेवटचा दिवस

आज शाळा संपली. भाषणं झाली, फोटो झाले, पण माझं मन सारखं मैदानाकडे धावत होतं. नववीत 4 × 100 मीटर रिलेत माझ्या हातून बॅटन पडलं होतं. ते 30 मीटरच्या पट्ट्यातच घ्यायचं असतं, धावता धावता, मागे न बघता. मी घाईत मागे वळले. चौघींची मेहनत मातीत! वाटलं, आता कुणी माझ्याशी बोलणार नाही. शेवटचा टप्पा धावणारी मैत्रीण आली, बॅटनवरची माती बाहीने पुसली आणि म्हणाली, "उद्या सहाला ये, सराव करू." बस्स, एवढंच. त्रिकोणमितीची सूत्रं कदाचित विसरेन, तिचा तो आवाज नाही. आज निघताना तिला हे सांगितलं, तर म्हणाली, "अगं, मला आठवतही नाही!" मग दोघी फाटकापाशी कितीतरी वेळ नुसत्याच उभ्या होतो.