बोटांना विचारा

जुलै संपत आला की करसल्लागाराच्या ऑफिसात दुपारी नुसतं बसून राहावं लागतं. साहेब फोनवर, आपली फाइल कुठल्या तरी गठ्ठ्यात, आणि वर पंखा. वाचायला भिंतीवरच्या कॅलेंडरखेरीज काही नाही. म्हणून मी समोर टॅलीवर, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर, बसलेल्या ताईंकडे बघत होतो. नजर बिलांवर, डावा हात पानं उलटतोय, उजवा कीबोर्डवर. माउस पंचिंग मशीनमागे कुठे तरी पडलेला, त्याला कोणी विचारत नव्हतं. बिल संपलं की कंट्रोल ए, पुढचं बिल. पार्टी नवीन निघाली तर ऑल्ट सी, तिथल्या तिथे तिचं खातं, म्हणजे लेजर, तयार, पुन्हा बिल.

न राहवून विचारलं, "ताई, जर्नल एंट्रीला कुठलं बटण?"

त्या थबकल्या. हवेतच बोटं हलवून बघितली. "पेमेंट फाइव्ह, रिसीट सिक्स... हां, एफ सेव्हन." आणि हसल्या. दिवसभर दाबत असतील ते बटण, पण सांगायची वेळ आली तेव्हा बोटांना विचारून यावं लागलं.

माझी बोटं एवढी शिकलेली नाहीत. त्यांना एकच गोष्ट पक्की येते, कंट्रोल एस. दोन वाक्यं झाली की कंट्रोल एस. स्वल्पविराम टाकून खिडकीबाहेर बघितलं, कंट्रोल एस. आता ऑनलाइन लिहिताना सगळं आपोआप सेव्ह होतं, तरी रस्त्यात देऊळ दिसलं की हात छातीशी जावा तशी करंगळी कंट्रोलकडे जाते. ब्राउझरमध्ये तर नको तिथे दाबलं जातं आणि तो निमूटपणे विचारतो, हे पान कुठे ठेवू?

ही सवय भारनियमनाची देणगी आहे. आमच्या तालुक्याच्या गावी लाइट जायची वेळ पेपरात छापून यायची आणि ती वेळ सोडून इतर वेळीही लाइट जायची. कॉम्प्युटर क्लासमध्ये चपला बाहेर काढून, हात पुसून आत जायचं. मॉनिटरला प्लास्टिकचं कव्हर, कोपऱ्यात यूपीएस. त्याची बॅटरी इतकी म्हातारी की पहिली शिट्टी आणि अंधार यांच्यामध्ये जेमतेम एक कंट्रोल एस मावायचा. सर ओरडायचे, "सेव्ह मारा रे!" आणि खोलीभर एकदम टकटक. नंतर अंधारात सगळे एकमेकांना विचारत, तुझं झालं का?

लाइट आली, मशीन सुरू झालं की सर आधी रिफ्रेश करायला लावत. एफ फाइव्ह, एफ फाइव्ह, एफ फाइव्ह. त्याने काय होतं हे त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. अजूनही विचारत नाही. दाबतो.

या बटणांमागे माणसं आहेत हे फार उशिरा कळलं. अडकलेलं मशीन पुन्हा सुरू करणारं कंट्रोल ऑल्ट डिलीट हे आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांचं. 1981 च्या पीसीसाठी, तेही फक्त आतल्या इंजिनिअरांच्या सोयीला. आधी तिथे डिलीटऐवजी एस्केप होतं, पण डाव्या हाताच्या एका धक्क्यात मशीन रीस्टार्ट व्हायचं, म्हणून एक बटण मुद्दाम लांब नेलं. कट, कॉपी, पेस्ट घडवणारे लॅरी टेस्लर 2020 च्या फेब्रुवारीत गेले. एक्स म्हणजे काट, सी कॉपीचा, आणि व्ही म्हणजे उलटं काकपद, इथे घाला म्हणून. केलेलं मागे घेणारा झेड धरून झेड, एक्स, सी, व्ही ही चारही बटणं शेजारी शेजारी.

एवढी सोय करून ठेवलेली असताना माणसं राइट क्लिक करून, यादीतून खाली खाली उतरत "कॉपी" शोधतात. ते मागे उभं राहून बघताना माझा जीव कासावीस होतो. बायको म्हणते, "तुला कुठे गाडी पकडायचीय?" गाडी नसते. वाचलेल्या वेळाचं मी काय करतो, हेही तिने एकदा विचारलं होतं. तेव्हा मी डेस्कटॉप रिफ्रेश करत होतो.

बाबा सरकारी बँकेत होते. कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांनी खिशातल्या छोट्या डायरीत बटणं लिहून घेतली, लाल शाईने, मराठीत. चष्मा वर करून डायरी, चष्मा खाली करून स्क्रीन, असं करत निवृत्तीपर्यंत निभावलं. त्यांच्या शेजारच्या काउंटरला कॅश बघणारे एक काका होते. शंभराची गड्डी गप्पा मारता मारता मोजायचे आणि मध्येच एक नोट काढून बाजूला ठेवायचे. न बघता. फाटकी किंवा चिकटवलेली असायचीच. 2000-01 च्या सुमाराला सरकारी बँकांत व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, तेव्हा त्यांनी पहिल्या फटक्यात अर्ज दिला. कॉम्प्युटरला घाबरले, असं बाबा अजून म्हणतात. मला तसं वाटत नाही. इतकी शिकलेली बोटं पन्नाशीनंतर पुन्हा पहिलीच्या वर्गात बसवायची, हे त्यांना मानवलं नसावं.