क्लॅम्पवरचा आकडा टिकवताना

डायलिसिसच्या कॅथेटरला बाहेरच्या टोकाला दोन नळ्या असतात. एकीवर लाल क्लॅम्प, म्हणजे नळी दाबून बंद करणारा प्लास्टिकचा चिमटा, दुसरीवर निळा. क्लॅम्पवर बारीक आकडा छापलेला असतो, समजा लालवर १.२ आणि निळ्यावर १.३. त्या नळीत तेवढे मिलीलिटर द्रव मावतो. डायलिसिस संपलं की सिस्टर तो आकडा बघून हेपॅरिन भरतात, म्हणजे पुढच्या वेळेपर्यंत आत रक्ताची गुठळी होत नाही. जास्त भरलं तर जादाचं हेपॅरिन पेशंटच्या रक्तात जातं आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. कमी भरलं तर नळी चोंदते.

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात हे क्लॅम्प मोल्ड होतात आणि त्यांवरची छपाईही आम्हीच करतो. हाताने चालणारी छपाई आम्ही ऑटोमॅटिक लाइनवर नेली. त्या प्रोसेसची जबाबदारी माझ्याकडे होती.

मिरज आम्हाला लागूनच. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली तिथे मिशन हॉस्पिटल उभं केलं, आणि आजही कर्नाटकातून लोक उपचाराला मिरजेला येतात. माझी मामेबहीण तिथे डायलिसिस युनिटला सिस्टर आहे. काम सुरू करण्याआधी मी तिच्याशी सविस्तर बोलले. ती म्हणाली, "अगं, पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा येतो, कॅथेटर कधी कधी कित्येक महिने राहतं. दर वेळी आम्ही ते स्पिरिटने पुसतो. आकडा अर्धवट दिसायला लागला की फाइल शोधावी लागते, आणि तेवढ्यात पुढचा पेशंट दारात उभा असतो." ग्राहकाच्या ड्रॉइंगवर 'छपाई टिकाऊ असावी' एवढं एकच वाक्य होतं. त्याचा खरा अर्थ मला तिच्याकडून कळला.

पॅड प्रिंटिंगचं तत्त्व सोपं आहे. स्टीलच्या प्लेटवर आकडा कोरलेला असतो, साधारण २५ मायक्रॉन खोल. शाईचा उलटा कप प्लेटवरून सरकतो, खोलगट भागात शाई ठेवून बाकीची पुसून घेतो. मग सिलिकॉनचा मऊ पॅड ती शाई उचलतो आणि क्लॅम्पवर दाबतो. पॅड मऊ असल्यामुळे वाकड्या-तिकड्या भागावरही छपाई नीट बसते. आमच्याकडे हे पायाच्या पेडलवर चालायचं. बायका एकेक क्लॅम्प जिगमध्ये, म्हणजे तो जागेवर धरणाऱ्या साच्यात, ठेवायच्या. काम सुबक व्हायचं, पण मागणी वाढली होती. शिवाय मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ खालची लायसन्सची सक्ती टप्प्याटप्प्याने आली, कमी धोक्याच्या ए आणि बी वर्गातल्या उपकरणांना १ ऑक्टोबर २०२२ पासून, जास्त धोक्याच्या सी आणि डी वर्गाला १ ऑक्टोबर २०२३ पासून. ग्राहकाने आमच्याकडे सिद्ध केलेली, कागदावर दाखवता येणारी प्रोसेस मागितली.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो छपाईच्या आधीच्या कामात. क्लॅम्प पॉलिप्रॉपिलिनचा. बिजागरी हजारदा वाकली तरी तुटत नाही म्हणून हे प्लास्टिक निवडतात, पण शाईचं आणि त्याचं जमत नाही. त्याची पृष्ठऊर्जा, म्हणजे द्रवाला आपल्यावर पसरू देण्याची क्षमता, ३० डाइनच्या आसपास असते. शाई नीट पसरायला ती ४० च्या घरात लागते. तसंच छापलं तर शाई अळूच्या पानावरच्या पाण्यासारखी गोळा होते, आणि वाळल्यावर नखानेही निघते. हाताने काम चालायचं तेव्हा आम्ही प्रायमर लावायचो. लाइनवर ज्योतीने भाजायचा पर्याय स्वस्त होता, पण पातळ बिजागरी उष्णतेने वाकडी होत होती. शेवटी प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित वायूचा झोत सोडणारा, नोझल घेतला. पैसे जास्त गेले, पण माझ्या मते या लाइनवरचा सर्वांत योग्य खर्च तोच. नोझलचं अंतर थोडं जरी वाढलं तरी परिणाम घटतो, आणि हा परिणाम कायमचा नसतो; दिवस जातील तसा उतरत जातो. म्हणून प्लाझ्मानंतर लाइनचं फिरतं टेबल पुढे सरकलं की लगेच पुढच्याच स्टेशनला छपाई होते. मधे माल साठवायचा नाही, हा नियम मी कुणासाठीही मोडू दिला नाही.

फीडरने वेगळाच त्रास दिला. क्लॅम्प कंप पावणाऱ्या बाउलमधून रांगेत यायला हवेत, पण त्यांचे हुक एकमेकांत अडकून गुंता व्हायचा. मशीन बनवणाऱ्यांनी वेग कमी करून बघितला, बाउलचा मार्ग बदलून बघितला. आमच्यातल्या सर्वांत जुन्या ऑपरेटरला आम्ही सगळे काकी म्हणतो. त्या म्हणाल्या, "मॅडम, पोत्यानं माल वतला तर गुतणारच की. आमी मूठ-मूठ घेत हुतो, तसंच त्येला द्या." मग मोल्डिंगकडून माल उथळ ट्रेमध्ये घ्यायला लागलो आणि सेन्सर लावून बाउलमध्ये मोजकाच माल सोडला. गुंता जवळजवळ संपला. बाउलला आतून पॉलियुरेथेनचं अस्तर दिलं, म्हणजे ओरखडेही नाहीत आणि धातूची काळी पूडही नाही.

आता दशांश चिन्ह. १.२ मधला टिंब उडाला तर १२ वाचलं जाईल. अनुभवी सिस्टर १२ मिली भरणार नाहीत हे मान्य, पण त्यांच्या अनुभवावर विसंबून आपण छापायचं नसतं. टिंब लहान असलं की शाई प्लेटमध्येच वाळते. प्लेट जास्त खोल केली तर टिंब फुगून शेजारच्या आकड्याला चिकटतं. आम्ही टिंब थोडं मोठं केलं, दोन आकड्यांमधलं अंतर वाढवलं आणि ग्राहकाकडून नवं आर्टवर्क मंजूर करून घेतलं. पॅडचं टोकही सरकवलं. टोक नेमकं आकड्यावर उतरलं तर तिथे हवा अडकून बारीक छिद्रं पडतात. ते शेजारच्या मोकळ्या जागेत उतरलं पाहिजे, म्हणजे पॅड कडेने लोळत हवा बाहेर ढकलतो. लाइनवर छपाई तपासणाऱ्या कॅमेऱ्याला टिंब स्वतंत्रपणे तपासायला शिकवलं. टिंब दिसलं नाही तर बाकी छपाई कितीही सुंदर असो, तो क्लॅम्प बाहेर.

सांगलीची हवाही सांभाळावी लागते. एप्रिलमध्ये थिनर भराभर उडतो आणि शाई पॅडवरच सुकते. पावसाळ्यात हवेतला ओलावा शाई घट्ट करणाऱ्या हार्डनरशी अभिक्रिया करतो. थंडीच्या कोरड्या हवेत स्थिर विद्युत वाढते आणि शाईला कोळ्याच्या पायांसारखे तंतू फुटतात. खोलीचं तापमान आणि आर्द्रता बांधून घेतली, स्थिर विद्युत घालवणारा आयोनायझर बसवला, आणि हार्डनर मिसळलेली शाई शिफ्ट संपली की टाकूनच द्यायची असं ठरवलं.

व्हॅलिडेशनचे, म्हणजे प्रोसेस सिद्ध करण्याचे, कागद खूप झाले. आयएसओ १३४८५ या मेडिकल उपकरणांच्या गुणवत्ता मानकात काम करणाऱ्यांना ते सांगायला नको. एक गोष्ट मात्र नव्या माणसाने ध्यानात ठेवावी. शाई आणि हार्डनर अशी दोन घटकांची शाई हाताला कोरडी लागली तरी पूर्ण घट्ट व्हायला साध्या तापमानाला पाच-सहा दिवस लागू शकतात. त्याच दिवशी स्पिरिटने घासलं की ती उतरते आणि सगळे प्लाझ्माला दोष द्यायला लागतात. आम्ही नमुने ठेवून दिले, मग टेप लावून ओढली, ७० टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलने घासलं, बिजागरी पुन्हापुन्हा उघडझाप केली. काही नमुने इथिलीन ऑक्साइडने निर्जंतुक करून आणले आणि त्यांवर हेच सगळं परत केलं. आकडे शाबूत राहिले.

काकी आणि बाकीच्या ऑपरेटर आता लाइन क्लिअरन्स बघतात. लालचा लॉट संपून निळा लावताना बाउल, ट्रे, रिजेक्शनची पेटी, टेबलखालची फट, सगळं रिकामं झाल्याची सही त्यांची असते. त्या सहीशिवाय मशीन सुरू होत नाही, तशी पीएलसीत, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमध्येच, सोय केली आहे. सध्या लहान मुलांच्या कॅथेटरच्या क्लॅम्पसाठी प्लेट करायला दिली आहे. तिथे छपाईला जागा आणखी कमी आहे, त्यामुळे टिंबाच्या ट्रायल पुन्हा पहिल्यापासून घेतोय.