पट्टी झाकून ठेवा

बुद्धिबळातल्या ग्रँडमास्टरांचा डाव चारचौघांत बसून लाइव्ह बघायचा असेल तर आधी पट्टी झाकावी. पटाशेजारी उभी काळी-पांढरी पट्टी दिसते, ती. कोणाचं पारडं किती जड, हे इंजिन, म्हणजे खेळ्या तपासणारा संगणकाचा प्रोग्राम, तिच्यावर क्षणोक्षणी सांगत असतं. आकडा प्याद्यांच्या हिशोबात, एक प्यादं म्हणजे १. ०.३ म्हणजे पांढऱ्याला पहिली खेळी मिळाल्याचा नेहमीचा किरकोळ फायदा. दीडच्या पुढे गेलं की प्रकरण गंभीर, आणि तीनवर डाव संपल्यात जमा. लाइचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर इंजिन एका बटणानं बंद होतं. यूट्यूबच्या प्रक्षेपणात ती सोय नाही, तिथे टीव्हीच्या काठाला वहीचा पुठ्ठा चिकटवायचा.

कारण असं की, पट्टी उघडी असली की बैठकीतला प्रत्येक जण जगज्जेत्यापेक्षा शहाणा होतो. परवा किल्लेकोट शिकलेलं पोरगंही ‘ह्याला एवढं दिसंना का?’ म्हणतं. पट्टी निकाल सांगते, कारण सांगत नाही. शिवाय तिच्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवता येत नाही. मोबाइलवरचं इंजिन पहिल्या काही सेकंदांत वरवरचं बघून आकडा फेकतं. खोली, म्हणजे ते किती चाली पुढचं बघतं, वीस-पंचविसाच्या पुढे गेल्यावर तो जरा स्थिर होतो. आणि एका बाजूनं पक्की तटबंदी केलेली असली, म्हणजे समोरच्या राजाला आत शिरायला वाटच नसली, तर पट्टी दोनवर अडून बसते आणि डाव मात्र बरोबरीत सुटतो.

मध्ये पट मांडावेत, ते दोन. एकावर फक्त खऱ्या खेळ्या, आणि त्याला हात लावायचा हक्क एकालाच. लातूर-नांदेडकडे हा मान बहुधा शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींकडे जातो, कारण त्यांनी डोळे वटारले की हात आपोआप मागे येतात. दुसरा पट वादासाठी. एकाच पटावर दोन्ही करायला गेलं की हमखास घोळ होतो: चार खेळ्या पुढच्या करून बघितल्या, मोहरे परत ठेवताना उंट शेजारच्या घरात गेला, आणि पुढची दहा मिनिटं सगळे जगात कुठेच नसलेल्या स्थितीवर हमरीतुमरीवर येतात. उंट पांढऱ्या घरातला काळ्यात गेला, तर सगळी चर्चाच फुकट. म्हणून दर दहा खेळ्यांनी पट पडद्याशी ताडून घ्यावा.

“गुरुजी, वजीर का मारीना हो त्यो?”

“मारला तर मागल्या रांगेत मात बसायलीय. बघ की नीट.”

एवढ्या संवादाला कधी कधी वीस मिनिटं मिळतात. पटावरचा माणूसही तेवढाच वेळ त्याच प्रश्नाशी झगडत असतो, आणि त्याचं उत्तर येण्याआधी आपलं ठरलेलं असणं, यातच खरी गंमत. प्रत्येकानं पुढची खेळी चिठ्ठीवर लिहावी आणि मगच पडदा बघावा. पारावर देशी पद्धतीनं खेळलेले आजोबा बैठकीत असले तर चिठ्ठ्या अधिक रंगतदार होतात. देशीत शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्यासारखी उडी असते, आणि ती सवय अशी सहज सुटत नाही.

सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून खेळ्या घ्याव्यात, हाही नियम करून टाकावा. संकेतस्थळावर खेळी आधी उमटते, टीव्हीवरचं चित्र अर्धा-एक मिनिट मागे असतं. एकानं मोबाइल बघून ‘आरारारा’ केलं की बाकीच्यांची मजा गेली.

पट्टीपेक्षा घड्याळ जास्त बोलतं. २०२४च्या सिंगापूरच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत, म्हणजे आपला गुकेश आणि तेव्हाचा जगज्जेता, चीनचा डिंग लिरेन यांच्यात, पहिल्या ४० खेळ्यांसाठी प्रत्येक खेळाडूला १२० मिनिटं होती, आणि तोवर खेळीमागे एक सेकंदही वाढवून मिळत नव्हता. ४१व्या खेळीपासून ३० मिनिटं आणि दर खेळीला ३० सेकंद. डाव आपल्याकडे दुपारी अडीचला सुरू व्हायचे. म्हणजे वेळेची ओढाताण साडेसहाच्या आसपास, डिसेंबरात ऐन दिवेलागणीला. पंधरा खेळ्या शिल्लक आणि घड्याळात दहा मिनिटं, असं दिसलं की इंजिन काहीही म्हणो, चूक त्या बाजूनं होणार असं धरून चालावं.

अर्थात, चुकीला दर वेळी घड्याळच लागतं असं नाही. १२ डिसेंबरचा चौदावा डाव घ्या. गुण साडेसहा-साडेसहा, डिंग लिरेन पांढऱ्याकडून. दोघांकडे एक हत्ती, एक उंट आणि थोडी प्यादी. गुकेशचं एक प्यादं जास्त होतं, तरी सगळे बरोबरी धरून बसलेले. ५५व्या खेळीला डिंगनं हत्ती एफ-२ला आणून हत्तीला हत्ती भिडवला. आता त्याचा उंट होता ए-८च्या कोपऱ्यात. गुकेशनं हत्ती मारले आणि आपला उंट डी-५ला त्याच तिरक्या रेषेवर समोर आणून ठेवला. कोपऱ्यातल्या उंटाला पळायला जागाच नाही, म्हणजे उंटही जाणार आणि उरणार राजे-प्यादी. तिथे एक जादा प्यादं म्हणजे विजय. ५८ खेळ्यांत डाव संपला आणि गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. पट्टी त्या हत्तीसरशी क्षणात कोसळली होती. पण गुकेशच्या ते पहिल्या क्षणी ध्यानात आलंच नव्हतं, हे त्यानंच नंतर सांगितलं. ज्यांनी पट्टी झाकली होती, त्यांना नेमके तेच काही क्षण त्याच्याबरोबर मिळाले. ज्यांनी उघडी ठेवली, त्यांना फक्त बातमी मिळाली.

त्याच वर्षी एप्रिलमधली टोरंटोची कँडिडेट्स, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा, वेगळ्या धाटणीची. डाव आपल्या मध्यरात्री सुरू. मराठवाड्यात त्या दिवसांत लोक गच्चीवरच झोपतात, त्यामुळे जागरणाला निमित्तच हवं असतं. टीव्ही वर नेण्यापेक्षा मोबाइल, पॉवरबँक आणि वादाचा पट पुरतो. वाऱ्यावर पोर्टेबल पट उडतो, कोपऱ्यांवर चपला ठेवा. शेवटच्या फेरीत गुकेशनं नाकामुराशी बरोबरी केली आणि त्याचे ९ गुण झाले. तरीही निकाल लागेना, कारण कारुआना आणि नेपोम्नियाची यांचा डाव चालूच होता. दोघांतला कोणीही जिंकला असता तर तोही ९वर येऊन टायब्रेक, म्हणजे बरोबरी फोडायचे जलद डाव, झाला असता. आपल्या माणसाचा डाव संपलाय आणि आपण दुसऱ्याच दोघांच्या बरोबरीसाठी पटावर वाकलोय, असा प्रसंग क्वचितच येतो. कारुआना जिंकता जिंकता राहिला.

शेवटी नवख्यांची एक फसवणूक होते, ती आधीच सांगून ठेवावी. डाव चांगला चालू असतो आणि अचानक दोन्ही राजे पटाच्या मधोमध दिसतात. कोणी वेडं झालेलं नसतं. इलेक्ट्रॉनिक पटाला निकाल कळवायची ती खूण आहे: दोन्ही राजे पांढऱ्या घरांत म्हणजे पांढरा जिंकला, काळ्या घरांत म्हणजे काळा.

आणि टायब्रेकच्या रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या, डावांना ही सगळी मांडामांड करू नये. २८ जुलै २०२५ला बाटुमीत नागपूरच्या दिव्या देशमुखनं कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, ते असेच डाव. तिथे चिठ्ठी लिहून होईपर्यंत तीन खेळ्या निघून जातात. अशा वेळी भजी आधीच तळून घ्यावीत आणि खऱ्या खेळ्यांचा पट गुरुजींऐवजी चपळ हाताच्या पोराकडे द्यावा.